वाचक विचारतात : वाढत्या अंगाचे जॅकेट

पावसाळा ओसरू लागला की मुंबईच्या दुचाकीस्वारांना घाटांची ओढ लागते आणि त्याच सुमारास या सदराकडे रायडिंग जॅकेट, पँट व हेल्मेट यांच्या मापांविषयीची पत्रे वाढतात. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या काही शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी रोज मुलुंडहून पवईमार्गे अंधेरीला मोटरसायकलने जातो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी मित्रांबरोबर माळशेजला किंवा लोणावळ्याला जातो. माझ्या छातीचे माप ४० इंच आहे. पण उकाड्यात हवा खेळती राहावी म्हणून मी जाळीचे जॅकेट मुद्दाम ४२ चे घेतले. आता हात वाकवला की कोपराचा पॅड आतल्या बाजूला फिरतो आणि खांद्याचा पॅड दंडावर उतरतो. आमच्या इमारतीखालचे शिंपीकाका बाह्या आणि बाजू आत घेऊन देतो म्हणतात. त्यांना जॅकेट द्यावे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : देऊ नये, निदान बाह्यांना तरी हात लावू देऊ नये. मात्र शिलाईकडे वळण्याआधी मूळ चुकीविषयी लिहिले पाहिजे, कारण ती एकट्या तुमची नाही. जूनमध्ये शाळेचा गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, ही आपल्या घरांतली जुनी रीत, आणि कपडा थोडा सैल असलेला बरा हे आपल्या मनात तेव्हापासून बसलेले आहे. शर्टाच्या बाबतीत ते खपून जाते. रायडिंग जॅकेटाकडून मात्र आपली अपेक्षा दोन कामांची असते : रस्त्यावर घासत जाताना कातडी वाचवणे आणि आतले पॅड हाडांवरून ढळू न देणे. यांतले दुसरे काम सैल जॅकेटाला जमतच नाही.

सांध्यांवरच्या पॅडसाठी युरोपात ईएन १६२१-१ हे मानक आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच जॅकेटांतील पॅडवर त्याची खूण असते. या चाचणीत पॅड पक्क्या ऐरणीवर ठेवून त्यावर ५० जूल ऊर्जेचा आघात करतात आणि पॅडमधून पलीकडे किती बल पोचले ते मोजतात. ते सरासरीने ३५ किलोन्यूटनच्या आत राहिले तर लेव्हल १ आणि २० किलोन्यूटनच्या आत राहिले तर लेव्हल २. दुकानात गिऱ्हाईक या आकड्यांवरून घासाघीस करते, पण प्रयोगशाळेत पॅड नेमका आघाताच्या खालीच ठेवलेला असतो हे कोणी ध्यानात घेत नाही. दोन इंच फिरलेला लेव्हल २ चा पॅड तुमच्या कोपराच्या उपयोगाचा नाही. म्हणून महागडा पॅड घातलेल्या सैल जॅकेटापेक्षा अंगाशी बसलेल्या जॅकेटातला साधा लेव्हल १ चा पॅड मला अधिक भरवशाचा वाटतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने आपण सगळे जुन्या महामार्गाने जातो. त्याच रस्त्यावर, खोपोलीच्या अलीकडे, काही वर्षांपूर्वी एका ओल्या वळणावर माझी गाडी आडवी झाली. वेग बेताचा होता. मी डाव्या कुशीवर पडलो आणि पाच-सहा फूट घसरत गेलो. घरी येऊन जॅकेट उलटे केले तेव्हा कोपराच्या पॅडवर ओरखडासुद्धा नव्हता, आणि कोपराला मात्र टाके पडले होते. माणूस नुसता आपटत नाही, आपटल्यावर घसरतो, आणि घसरताना रस्ता बाहीला धरून मागे ओढतो. उभे असताना जागेवर दिसणारा पॅड त्या ओढीत जागा सोडतो की नाही, हे खरे पाहायचे असते.

ते पाहण्यासाठी आरशाचा उपयोग नाही, आपली गाडी लागते. दुकानदाराला विचारून जॅकेट घालून बाहेर उभ्या केलेल्या आपल्याच मोटरसायकलवर बसावे, दोन्ही हात हँडलवर ठेवावेत आणि मान दोन्हीकडे वळवून पाहावी. या स्थितीत कोपराचे टोक पॅडच्या मध्यावर किंवा किंचित वरच्या बाजूला यावे, म्हणजे पॅडचा उरलेला भाग मनगटाच्या दिशेने हात झाकतो. खांद्याचा पॅड टोपीसारखा गोल हाडावर बसलेला असावा. मग उजव्या हाताने डाव्या कोपराचा पॅड जॅकेटावरूनच चिमटीत धरून जोराने फिरवून पाहावा. तो कोपरावरून सुटत असेल तर जॅकेट मोठे आहे, मग आरशात ते कितीही देखणे दिसो. तीच बाही मनगटाकडून कोपराकडे ढकलून पाहावी. हँडल धरल्यावर पाठीमागून कंबर उघडी पडत असेल तर जॅकेट आखूड आहे. हात सोडून उभे राहिल्यावर बाह्या थोड्या लांब आणि पुढचा भाग थोडा तोकडा वाटला तर त्यात दोष नाही, कारण चांगले जॅकेट बसलेल्या माणसासाठीच बेतलेले असते.

आता शिंपीकाकांकडे येऊ. त्यांच्या हाताविषयी शंका नाही, शंका दोऱ्याविषयी आहे. जॅकेटाच्या खांद्याच्या, बाहीच्या आणि बाजूच्या शिवणी दुहेरी किंवा तिहेरी टाक्यांनी, जाड आणि चिवट नायलॉन वा पॉलिएस्टर दोऱ्याने घातलेल्या असतात, कारण घसरताना ताण आधी शिवणीवर येतो. त्या उसवून शर्टाच्या दोऱ्याने पुन्हा घातल्या तर जॅकेट पहिल्याइतकेच नीट दिसेल आणि पहिल्याच घसरणीत तिथेच फाटेल. आतल्या अस्तराचे तसे नाही. पॅडचा खिसा बहुधा अस्तरालाच शिवलेला असतो. तो इंच-दीड इंच वर सरकवून घेणे, त्याच्या तोंडाला वेल्क्रो लावून घेणे किंवा खिसा पॅडच्या मापाने अरुंद करून घेणे ही कामे शिंपीकाका निर्धास्तपणे करू शकतात. कातडी जॅकेटाला सुईचे प्रत्येक छिद्र कायमचे राहते, त्यामुळे ते धारावीतल्या चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराकडेच न्यावे आणि तिथेही जुन्या शिवणीच्याच जागी, तितक्याच जाड दोऱ्याने टाके घालायला सांगावे.

तुमच्यापुरते सांगायचे तर आधी दंडावरचे आणि कोपराखालचे पट्टे पूर्ण आवळून पुन्हा गाडीवर बसून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर अस्तरातले खिसे अरुंद करून घ्या. पॅडवर टाइप ए असे छापलेले असेल तर अधिक जागा झाकणारा टाइप बी पॅड मिळतो. मात्र तो खिशात मावतो का हे नेऊन पाहावे लागेल. एवढे करूनही पॅड फिरत असेल तर ४२ मापाच्या मित्राला जॅकेट विकून टाकावे आणि ४० चे घ्यावे. उकाड्याचे म्हणाल तर जाळीच्या जॅकेटातून वारा वाहतो तो गाडी चालू असताना, आणि अंगाशी बसलेल्या जाळीतूनही तो तितकाच आत येतो. मे महिन्यात पवईच्या सिग्नलवर उभे असताना सैल जॅकेटातही घाम येणारच. आत सुती बनियनऐवजी घाम लवकर सुकवणारा पातळ, पूर्ण बाह्यांचा बनियन घातला तर जाळी ओल्या कातडीला चिकटत नाही आणि जॅकेट चढवता-उतरवताना ओढाताण होत नाही.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि मी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल चालवते. बायकांसाठीच्या रायडिंग पँट दुकानांत कमी दिसतात, म्हणून मी पुरुषांची सर्वांत लहान मापाची पँट घेतली. उभी राहिले की गुडघ्याचा पॅड नडगीवर असतो. दुकानदार म्हणाला की बसल्यावर तो वर येईल. ती कंबरेला सैल आहे आणि बाजूचे पॅड खुब्यावरून पुढे सरकतात.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. गुडघा वाकला की पँटचे कापड मांडीवर ओढले जाते आणि त्याबरोबर पॅडही वर सरकतो, त्यामुळे उभे असताना तो वाटीच्या थोडा खाली असणे योग्यच आहे. किती वर सरकतो हे मात्र मोजून पाहायला हवे. गाडीवर बसून पाय फूटपेगवर ठेवावा आणि पॅड चाचपावा. वाटी त्याच्या वरच्या अर्ध्या भागाखाली पूर्ण झाकलेली असावी आणि उरलेला पॅड नडगीच्या वरच्या भागावर उतरलेला असावा. बसूनही वाटी उघडी राहत असेल तर आतली चेन किंवा वेल्क्रो उघडून खिसा पाहा, कारण बऱ्याच पँटमध्ये गुडघ्याचा पॅड दोन-तीन उंचींवर लावण्याची सोय असते आणि दुकानातून येताना तो सर्वांत खालच्या जागी असू शकतो. ही सोय नसेल तर मागील उत्तरात सांगितल्याप्रमाणे अस्तरातला खिसा वर घेता येतो. पँटची लांबी खालच्या टोकाला दुमडून कमी करायलाही हरकत नाही, मात्र ती बसलेल्या स्थितीत मापावी. उभे राहून कापलेली पँट गाडीवर बसताच बुटाच्या वर जाते आणि घोटा उघडा पडतो.

कंबरेचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पट्ट्याने सुटणारा नाही. पुरुषांच्या बेताची पँट बाईच्या नितंबांना पुरेल अशी घेतली की कंबर सैल राहते, कंबर सैल राहिली की पँट खाली उतरते, आणि मग खुबा व गुडघा दोन्हीकडचे पॅड एकदमच जागा सोडतात. बायकांच्या बेताची पँट मागवून घ्यावी, थोडे थांबावे लागले तरी. तोवर साध्या सैल पँटच्या आत पट्ट्यांनी बांधायचे गुडघा-नडगीचे वेगळे गार्ड वापरावेत. ते थेट पायाला बांधले जात असल्याने बाहेरच्या पँटच्या मापाशी त्यांचा संबंध राहत नाही. पोटरीचा पट्टा मात्र तिच्या सर्वांत जाड भागाच्या वर बांधावा, म्हणजे गार्ड खाली घसरत नाही.

तुम्ही विचारले नाहीत, पण ठेंगण्या बांध्याला लागू असलेली आणखी एक गोष्ट. पाठीच्या पॅडचे माप छातीवरून ठरत नाही, ते कंबर ते खांदा या लांबीवरून ठरते आणि ती लांबी पॅडवर छापलेली असते. लांब पॅड बसल्यावर सीटला टेकतो, वर ढकलला जातो आणि हेल्मेटच्या मागच्या कडेला लागतो. मान मागे नेताना काहीतरी टोचते अशी तक्रार करणाऱ्या ज्या मैत्रिणी तुम्हाला असतील, त्यांना हे एकदा तपासायला सांगा.

प्रश्न : नवे फुलफेस हेल्मेट घालून ठाण्याहून फोर्टला जाईपर्यंत माझे कपाळ ठणकू लागते, पण कानशिलांपाशी मात्र बोट जाईल इतकी जागा आहे. दुकानदार म्हणतो वापरून सैल होईल, आणि एका मेकॅनिकने आतला थर्माकोल चमच्याने दाबून देण्याची तयारी दाखवली आहे. मी चष्मा लावतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चमचा लांबच ठेवावा. हेल्मेटच्या कवचाच्या आतला तो कठीण, फेसाळ थर आघाताच्या वेळी एकदाच चिरडला जाऊन डोक्यावरचे बल कमी करण्यासाठी असतो आणि दाबलेला भाग पुन्हा फुगत नाही. चमच्याने दाबणे म्हणजे नेमक्या कपाळाच्या जागी तो आधीच खर्चून टाकणे. सैल होतो तो त्याच्या आतला मऊ स्पंज, आणि तोही मुख्यतः गालांपाशी. म्हणून नव्या हेल्मेटात गाल दाबले जाणे, बोलताना गाल दातांखाली येणे हे चालते आणि काही आठवड्यांत कमी होते. कपाळाचे ठणकणे त्यात मोडत नाही.

तुम्ही दिलेल्या खुणांवरून मोठ्या-लहान मापाचा प्रश्न दिसत नाही, आकाराचा दिसतो. काहींचे डोके वरून पाहिल्यास जवळपास गोल असते, काहींचे पुढून मागे लांबट, आणि हेल्मेटचे आतले साचेही असेच निरनिराळे असतात. लांबट डोके गोल साच्यात घातले की कपाळ आणि मागचा भाग दाबला जातो व कानशिलांपाशी पोकळी राहते. गोल डोके लांबट साच्यात घातले की नेमके उलट होते. तुमचे डोके लांबट आणि हेल्मेट गोल साच्याचे आहे. एक माप मोठे घेतले तर कपाळ सुटेल, पण हेल्मेट डोक्यावर खेळू लागेल. तेव्हा त्याच मापाचे, पण दुसऱ्या कंपनीचे किंवा त्याच कंपनीच्या वेगळ्या साच्याचे हेल्मेट शोधावे. टेप भुवयांच्या वर सुमारे एक इंचावरून, डोक्याच्या सर्वांत रुंद घेराभोवती धरावी आणि आलेले सेंटिमीटर त्या-त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावेत, कारण एकीचे मीडियम ते दुसरीचे लार्ज असू शकते.

दुकानात हेल्मेट घालून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, दुकानदाराने कितीही घाई केली तरी. उतरवल्यावर कपाळावर एकाच ठिकाणी लाल वण दिसला तर ते तुमचे नव्हे. हनुवटीचा पट्टा एक-दोन बोटे जेमतेम जातील इतका आवळून हेल्मेट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवावे. गालांची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून घसरता कामा नये. मग मागची कड धरून ते पुढे उलटवण्याचा प्रयत्न करावा, आणि यात ते डोक्यावरून निघाले तर पट्टा असून उपयोग नाही. चष्मा हेल्मेट घातल्यानंतर लावावा आणि सरळ दांड्यांचा असावा; काही हेल्मेटांच्या गालांच्या पॅडमध्ये दांडीसाठी खाच असते, ती मागून घ्यावी. जाडीने वेगवेगळे गालांचे पॅड बऱ्याच कंपन्या स्वतंत्र विकतात, त्यामुळे गालांपुरता फरक पुढेही करता येतो. आयएसआय खुणेविषयी वेगळे सांगायला नको. १ जून २०२१ पासून तिच्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणेच बेकायदेशीर आहे.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला पुढे दोन-तीन वर्षे पुरेल असे हेल्मेट घ्यावे असे सासूबाईंचे मत आहे. आणि त्यांच्या स्वतःच्या अंबाड्यावर कोणतेच हेल्मेट बसत नाही. त्या स्कूटरवर मागे बसतात.
— एक वाचक, विरार

उत्तर : सासूबाईंना वाढत्या अंगाचा मुद्दा पहिल्या उत्तरातून वाचून दाखवावा. मुलीला आजच्या डोक्याच्या मापाचे आणि हलके हेल्मेट घ्यावे, कारण कोवळ्या मानेला मोठ्यांच्या हेल्मेटचे वजन पेलत नाही. आतून उशी किंवा रुमाल भरून मोठे हेल्मेट बसवणे तर अजिबात नको. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे आणि मुंबईत मागे बसणाऱ्यांवरही वाहतूक पोलीस जून २०२२ पासून कारवाई करतात, तेव्हा सासूबाईंचीही सुटका नाही. उंच अंबाड्यामुळे हेल्मेट डोक्यावर नुसते ठेवल्यासारखे राहते आणि कपाळ उघडे पडते. प्रवासापुरती मानेपाशी सैल वेणी घालावी, ती हेल्मेटच्या कडेच्या खाली राहते. चाप आणि मोठ्या पिना काढून ठेवाव्यात. डोक्याला ओढणी किंवा स्कार्फ बांधायची सवय असेल तर हेल्मेट घेतानाही तोच बांधून जावे, आणि त्याची गाठ हेल्मेटच्या आत येऊ देऊ नये.

प्रश्न : पावसात जॅकेटावरून घालायचा रेनकोट किती मोठा घ्यावा? आणि माझे कातडी हातमोजे दोन पावसाळ्यांत सैल झाले आहेत, ते वापरत राहावेत का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : रेनकोट सर्व पॅडसह जॅकेट घालूनच मापावा आणि तोही हँडल धरून; बहुधा एक माप मोठा लागतो. तो इतका आवळ नको की पॅड ओढले जातील, आणि खालची टोके चेन किंवा चाकापर्यंत लोंबतील इतका मोठाही नको. जॅकेटाच्या आत लावायचे पावसाळी अस्तर मुंबईच्या पावसात मला पटत नाही, कारण बाहेरचे जॅकेट पाणी पिऊन जड होते आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही.

हातमोज्यांचा निकाल एका मिनिटात लावता येतो. मनगटाचा पट्टा नेहमीसारखा बांधा आणि घरातल्या कोणाला तरी बोटांची टोके धरून जोरात ओढायला सांगा. हात सुटून आला तर मोजे बदलायला हवेत, कारण पडल्यावर हात आधी टेकतो आणि तेव्हाच मोजा निघून जातो. नवे घेताना कातडी असतील तर थोडे आवळ घ्यावेत, कारण कातडे वापराने ताणते. कापडी मोजे तितकेसे ताणत नाहीत. मूठ वळल्यावर बोटांच्या टोकांशी कापडाची शेपटी उरू नये, तळहातावर घडी पडू नये आणि क्लच धरताना अंगठ्याच्या बेचक्यात ओढ बसू नये. पावसात निघताना रेनकोटाची बाही मोज्याच्या बाहेरून ठेवावी. ती आत खोचली तर चेंबूर नाक्यापासून शीवपर्यंत पोचेतो बाहीवरून ओघळलेले सगळे पाणी मोज्यात जमा झालेले असते.